नकार मोजला, पण मानला नाही

निवडणूक जाहीर झाली की पक्षांच्या कार्यालयांत मतदारांची विभागणी सुरू होते. हक्काचे मतदार कोणते, विरोधकांचे कोणते आणि ‘कुंपणावरचे’ कोणते, याचा हिशेब मांडला जातो. कुंपणावरच्या या मतदाराची गणना बहुतेकदा उदासीनांत केली जाते. वस्तुतः तो उदासीन असतोच असे नाही. तो वर्तमानपत्र वाचतो, उमेदवारांची प्रतिज्ञापत्रे चाळतो, मागील निवडणुकीत कोणी कोणती आश्वासने दिली होती हे त्याच्या स्मरणात असते. त्याने कोणत्याही पक्षाशी स्वतःला कायमचे बांधून घेतलेले नसते, इतकेच. सत्तांतरे घडतात ती बव्हंशी अशाच मतदारांमुळे. तरीही मतदानाच्या दिवशी सर्वाधिक हताश होऊन घरी परततो तो हाच मतदार.

त्याच्यापुढे मार्ग तीन. सर्वच उमेदवार नापसंत असतील तर नकार नोंदवणे, पक्षांबाहेरच्या अपक्षाला मत देणे, अथवा त्यातल्या त्यात बरा पक्ष निवडणे. कायद्याने हे तिन्ही मार्ग खुले आहेत. ते प्रत्यक्षात कोठवर जातात, हे तपासले की त्याच्या हताशपणाचे मर्म कळते.

नकाराची किंमत

कागदी मतपत्रिकेच्या काळात मतदाराला कोरी मतपत्रिका पेटीत टाकून गुप्तपणे निषेध व्यक्त करता येत असे. मतदान यंत्रे आल्यावर ती सोय संपली. निवडणूक नियमावलीतील ‘४९-ओ’ या नियमानुसार मत न देण्याची इच्छा असणाऱ्याला ते मतदान केंद्राध्यक्षाला सांगावे लागे. तशी नोंद नोंदवहीत होई व त्यावर त्याची सही घेतली जाई. म्हणजे मत गुप्त, परंतु नकार उघड. खोलीत बसलेल्या पक्षांच्या प्रतिनिधींसमोर असे धाडस किती जण करणार?

‘पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज’ या संघटनेने या विसंगतीला २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. २७ सप्टेंबर २०१३ रोजी न्यायालयाने यंत्रावर ‘वरीलपैकी कोणीही नाही’, म्हणजेच ‘नोटा’चे बटण देण्याचा आदेश दिला. नकाराचा आकडा वाढू लागला की पक्षांना चांगले उमेदवार देणे भाग पडेल, अशी न्यायालयाची अपेक्षा होती.

ती अपेक्षा फोल ठरण्याचे कारण नियमांतच आहे. ‘नोटा’ला सर्वाधिक मते मिळाली, तरी उमेदवारांमध्ये ज्याची मते अधिक तोच लोकसभेत अथवा विधानसभेत निवडून येतो. एवढेच नव्हे, तर अनामत रक्कम वाचवण्यासाठी एकूण वैध मतांच्या एकषष्ठांशाहून अधिक मते लागतात, तो हिशेब करताना ‘नोटा’ची मते वगळली जातात. म्हणजे नकाराने कोणी पराभूत होत नाही आणि कोणाची अनामतही जप्त होत नाही. नकार मोजला जातो, मानला जात नाही.

याची उदाहरणे शोधायला दूर जाण्याची आवश्यकता नाही. २०१९ च्या विधानसभा निवडणुकीत लातूर ग्रामीण आणि पलूस-कडेगाव या दोन मतदारसंघांत दुसऱ्या क्रमांकावर कोणी उमेदवार नव्हे, तर ‘नोटा’ होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये अंधेरी पूर्वच्या पोटनिवडणुकीत भाजपने उमेदवार मागे घेतल्यावर १२ हजार ८०६ मतदारांनी ‘नोटा’चे बटण दाबले. एकूण मतदान मात्र ३२ टक्क्यांपर्यंतही पोहोचले नाही. २०२४ मध्ये इंदूर लोकसभा मतदारसंघात काँग्रेसच्या उमेदवाराने अखेरच्या दिवशी माघार घेऊन भाजपची वाट धरली. तेथे तब्बल २ लाख १८ हजार ६७४ मते ‘नोटा’ला पडली. विजयी उमेदवाराचे मताधिक्य त्यानंतरही ११ लाखांहून अधिक होते. यांतील काही ठिकाणी पक्षांनीच ‘नोटा’चा प्रचार केला, हेही नमूद केले पाहिजे. परंतु आपला पर्याय आपल्याला न विचारता काढून घेतला गेला, ही मतदाराची भावना त्यामुळे खोटी ठरत नाही.

याहून विदारक चित्र सुरतचे. त्याच वर्षी काँग्रेस उमेदवाराचा अर्ज बाद झाला, उर्वरित उमेदवारांनी माघार घेतली आणि भाजपचा उमेदवार बिनविरोध विजयी घोषित झाला. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या ५३ व्या कलमानुसार रिंगणात एकच उमेदवार उरला तर मतदानच होत नाही. त्यामुळे तेथील १६ लाखांहून अधिक मतदारांना ‘नोटा’चे बटणही मिळाले नाही. जानेवारी २०२६ मध्ये झालेल्या राज्यातील महापालिका निवडणुकांतही अनेक जागा बिनविरोध ठरल्या. तेथील नागरिकांना बोटाला शाई लावून घेण्याची संधीच मिळाली नाही.

अपक्षाची वाट

दुसरा मार्ग अपक्ष उमेदवाराचा. १९५७ च्या लोकसभेत ४२ अपक्ष निवडून गेले होते. २०२४ मध्ये ही संख्या ७ वर आली. या घसरणीला मतदारांची बदललेली पसंती कारणीभूत आहेच, परंतु व्यवस्थेची रचनाही पक्षांना अनुकूल आहे. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात. पक्षाचे चिन्ह वर्षानुवर्षे घरोघरी पोहोचलेले असते. अपक्षाला ते मिळते अर्ज माघारीची मुदत संपल्यावर, आणि ते लोकांपर्यंत नेण्यासाठी हाती जेमतेम दोन आठवडे उरतात. लोकसभेच्या उमेदवाराला २०२२ पासून मोठ्या राज्यांत ९५ लाख रुपयांची खर्चमर्यादा आहे, मात्र पक्षाने सर्वसाधारण प्रचारावर किती खर्च करावा याला मर्यादा नाही.

जे अपक्ष निवडून येतात, तेही बहुधा पक्षातून रुसून बाहेर पडलेले असतात. २०२४ मध्ये सांगलीतून विजयी झालेले विशाल पाटील हे वसंतदादा पाटील यांचे नातू. आघाडीच्या जागावाटपात काँग्रेसला जागा न मिळाल्याने ते अपक्ष उभे राहिले आणि निकालानंतर त्यांनी काँग्रेसलाच पाठिंबा दिला. त्यांच्या मतदारांचा कौल स्पष्ट होता, हे निःसंशय. परंतु पक्षनिरपेक्ष राजकारणाच्या शोधात असलेल्याला त्यातून दिलासा मिळत नाही.

त्यातल्या त्यात बरा

उरतो तिसरा मार्ग, व्यवहारी मतदाराचा. ज्याची मते इतरांपेक्षा अधिक तो विजयी, या पद्धतीत तिसऱ्या-चौथ्या उमेदवाराला दिलेले मत वाया गेल्यासारखे वाटते. म्हणून अनेक जण आवडत्याला नव्हे, तर नावडत्याला पाडू शकणाऱ्याला मत देतात. या तडजोडीचा निकालानंतर मान राखला जावा, एवढी किमान अपेक्षा असते.

महाराष्ट्रात ऑक्टोबर २०१९ मध्ये मतदारांनी युतीला बहुमत दिले. पुढील पाच वर्षांत युती तुटली, महाविकास आघाडी सत्तेवर आली, जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली आणि जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस. एकाच विधानसभेच्या काळात चारही मोठे पक्ष वा त्यांचे गट सत्तेत बसले. सर्वांच्या मताला सत्ता लाभली, तरी आपल्या मताचे काय झाले हे कोणालाच नीट सांगता येईना. १९८५ मध्ये घटनेत आलेल्या पक्षांतरबंदीच्या दहाव्या परिशिष्टात २००३ मध्ये दुरुस्ती होऊन एकतृतीयांश सदस्यांच्या फुटीला असलेली मुभा रद्द झाली. तरीही अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांच्या हाती राहिला. शिवसेनेच्या दोन्ही गटांविषयीचा निर्णय १० जानेवारी २०२४ रोजी आला, तोवर विधानसभेची मुदत संपत आली होती. आणि त्यात कोणीही अपात्र ठरले नाही. या साऱ्या प्रक्रियेत मतदार पक्षकार नसतो.

उपाय काय?

नकाराला परिणाम जोडण्यास विरोध करणारे निराधार बोलतात असे नाही. वारंवार फेरनिवडणुका परवडणार नाहीत, मतदारसंघ प्रतिनिधीविना राहतील, असे त्यांचे म्हणणे आहे. विधी आयोगानेही २०१५ मधील २५५ व्या अहवालात उमेदवार नाकारण्याच्या अधिकाराची शिफारस केली नाही. देशभरात ‘नोटा’ला जेमतेम एक टक्का मते मिळतात, हाही मुद्दा मांडला जातो. परंतु ज्या बटणाने काहीच घडत नाही, ते दाबण्यासाठी रांगेत उभे राहणारे सुमारे ६० लाख लोक असावेत, ही गोष्ट नगण्य कशी?

मधला मार्ग महाराष्ट्रानेच दाखवला आहे. राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर २०१८ मध्ये नागरी स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी आदेश काढला. ‘नोटा’ला सर्वाधिक मते मिळाल्यास एकदा फेरनिवडणूक घ्यायची, पुन्हा तसेच झाल्यास मात्र उमेदवारांतील आघाडीवरचा विजयी ठरवायचा. यात नकाराला किंमत आहे आणि अनंत फेरनिवडणुकांची भीतीही नाही. हाच नियम विधानसभा व लोकसभेला लावणे, अनामत रकमेच्या हिशेबात ‘नोटा’ची मते धरणे आणि एकच उमेदवार उरला तरी मतदान घेणे, या तीन सुधारणांसाठी घटना बदलण्याची गरज नाही. कायदा व नियमांतील दुरुस्ती पुरेशी आहे.

अर्थात ती दुरुस्ती ज्यांनी करायची, त्यांनाच तिची झळ बसणार आहे. म्हणूनच कुंपणावरच्या मतदाराने घरी बसून चालणार नाही. मत न देणाऱ्याचा राग कोणत्याही आकड्यात दिसत नाही. उलट तो आळस म्हणून खपवला जातो. नोंदवलेला नकार आज निष्फळ असला तरी अधिकृत निकालपत्रात छापला जातो. तो आकडा वाढत गेला, तर त्याला अर्थ देण्याची मागणी टाळणे उद्याच्या कायदेमंडळाला जड जाईल.