आयसीयूतला भ्रम आणि झोपेचं इंजेक्शन

टेमघरहून भिवंडी, कल्याण किंवा ठाण्याच्या आयसीयूत हलवलेले आजोबा दोन दिवस बरे असतात. तिसऱ्या रात्री मात्र ते सलाइन उपसतात, नर्सवर ओरडतात, ‘मला इथे मारणार आहेत’ म्हणतात. घरचे घाबरून म्हणतात, ‘डॉक्टर, झोपेचं इंजेक्शन द्या.’

हे वेड नव्हे. याला डिलिरियम म्हणतात. आजारी शरीराचा ताण मेंदूवर आला की तो होतो, आणि दिवसभरात कमी-जास्त होत राहतो. म्हणून आधी कारण शोधायचं: ऑक्सिजन कमी पडतोय का, लघवी तुंबलीय का, दुखतंय का, सोडियम उतरलंय का, संसर्ग वाढलाय का? लघवी तुंबलेल्या माणसाला नुसतं झोपवणं म्हणजे दुखणं झाकून ठेवणं.

तपासणी खाटेशीच होते. आधी उणे ५ ते अधिक ४ या मापावर पेशंट किती गुंगीत किंवा किती खवळलेला आहे ते ठरवतात. मग नर्स दहा अक्षरं एकेक करून उच्चारते. ठरलेलं अक्षर आलं की पेशंटने तिचा हात दाबायचा. दोनपेक्षा जास्त चुका झाल्या, तर लक्ष टिकत नाही असं धरतात. ‘दगड पाण्यावर तरंगतो का?’ असे साधे प्रश्नही असतात. ते पेशंटच्या बोलीत विचारले, तरच उत्तराला अर्थ.

आता औषध. मिडॅझोलाम, लोराझेपाम यांनी माणूस झोपतो, पण भ्रम वाढू शकतो. दारू अचानक सुटल्याने झालेल्या भ्रमात मात्र हीच औषधं लागतात. हॅलोपेरिडॉल वर्षानुवर्षं दिलं गेलं. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत त्याने भ्रमाचे दिवस कमी झाले नाहीत. पेशंट स्वतःला इजा करू लागला, तर थोडा वेळ ते देतात.

खवळल्यामुळे व्हेंटिलेटर काढता येत नसेल, तर डेक्समेडेटोमिडीन उपयोगी पडतं. मेंदूतलं जागेपणाचं केंद्र ते शांत करतं. पेशंट झोपतो, पण हाक मारली की डोळे उघडतो, आणि श्वास फारसा मंदावत नाही. नाडी मंदावते, बीपी उतरतं, म्हणून ते पंपातून थेंबाथेंबाने, मॉनिटरवर नजर ठेवून देतात. तेही भ्रमाचं मूळ काढत नाही.

नातेवाइकांनो, चष्मा आणि कानाचं यंत्र आणून द्या, भेटीच्या वेळी नावाने हाक मारून वार आणि वेळ सांगा. रोजची दारू किंवा झोपेच्या गोळ्या असतील, तर लाज न बाळगता दाखल करतानाच डॉक्टरांना सांगा. औषध कोणतं द्यायचं, ते त्यावर ठरतं.