गंगावन लावताय? मुळांकडे लक्ष द्या

मध्यंतरी एक नवी सून डोकेदुखीची तक्रार घेऊन दवाखान्यात आली. रक्तदाब ठीक, डोळे ठीक. केस मोकळे करायला सांगितले तेव्हा कानांच्या वरच्या बाजूला बारीक पुळ्या आणि विरळ झालेली जागा दिसली. लग्नासाठी आणलेले क्लिपचे केस ती तीन महिने लावत होती, झोपतानाही काढत नव्हती. "सासरी वाटतं, माझेच केस लांब आहेत," ती हळूच म्हणाली.

माझी आजीही गंगावन लावी, पण रात्री ते खुंटीवर असे. क्लिप मोजक्याच केसांना धरते, सगळे वजन त्यांच्या मुळांवर येते. ओढ कायम राहिली की मुळे सैल होतात. ठणका आणि पुळ्या ही पहिली खूण. तेव्हाच थांबल्यास केस परत येतात, मात्र महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर. वर्षानुवर्षे ओढ राहिली तर मुळाच्या जागी वण होतो. मग कितीही महाग तेल चोळा, तिथे केस उगवत नाही.

लावायचेच तर रोज जागा बदला, कपाळाच्या कडेचे नाजूक केस सोडा. आपले केस ओले असताना नको. काढल्यावर टोकाकडून वर विंचरा, सौम्य शाम्पूने धुऊन सावलीत वाळवा. मैत्रिणीचे मागून लावू नका, उवा येतात.

"सासूबाईंशी मी बोलू का?" असे तिला विचारले. नको म्हणाली. पंधरा दिवसांनी सासूबाईच तिला घेऊन आल्या. पुळ्या बसल्या होत्या.