चाकं आणि रस्ते, लेखांक सहावा : टायर फुटण्याआधी

दहिसर चेकनाका मागे टाकून काशिमीऱ्याकडे निघालं, की दुभाजकाला लागून आणि डाव्या कडेला रबराच्या काळ्या पट्ट्या दिसायला लागतात. काही हातभर, काही पुरुषभर लांब, कडांतून पोलादी तारा बाहेर आलेल्या. बोरीवलीहून रोज वसई-विरारकडे दुचाकीने जाणाऱ्यांना त्या चुकवायची सवयच होऊन जाते. रात्री, पावसात, समोरच्या ट्रकच्या चाकांखालून अशी पट्टी अचानक पुढ्यात आली तर दुचाकीस्वाराच्या हातात फारसं काही उरत नाही. म्हणून टायर फुटणं ही एकट्या ट्रकवाल्याची अडचण नाही. मागून येणारा प्रत्येकजण त्यात ओढला जातो.

या पट्ट्यांमध्ये ट्रेलरच्या टायरांचा मोठा वाटा असतो. न्हावा शेवा बंदरातून गुजरातकडे निघालेले कंटेनर ठाण्याहून घोडबंदर रस्त्याने, गायमुख घाट उतरून, फाउंटन हॉटेलपाशी मुंबई-अहमदाबाद महामार्गाला मिळतात. बंदरात रांग, घाटात रांग, फाउंटनला रांग, आणि मग एकदम मोकळा रस्ता. तासन्‌तास रखडलेला चालक तिथे वेग घेतो. आधीच तापलेल्या टायरांना तो वेग सोसायचा असतो.

मागच्या आठवड्यात आपण ब्रेक पाहिले. आज टायर, आणि तोही ओढल्या जाणाऱ्या वाहनाचा. कारण तिथे चालकाला टायरची खबरच लागत नाही. गाडीचा पुढचा टायर बसला तर स्टिअरिंग सांगतं, मागचा बसला तर बसायच्या जागेखाली कळतं. ट्रेलरचा टायर घोड्यापासून (ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या वाहनाला आपल्याकडे हेच म्हणतात) दहा-बारा मीटर मागे असतो. त्याची हवा अर्ध्यावर आली तरी केबिनमध्ये काहीच जाणवत नाही.

हवा कमी झाली की नेमकं काय होतं ते समजून घेऊ, कारण इथे एक गैरसमज घट्ट बसलेला आहे. उन्हात हवा फुगते, दाब वाढतो आणि टायर फुटतो, असं बहुतेकांना वाटतं. दाब वाढतो हे खरं. तापमान पाच-सहा अंशांनी चढलं की गाडीच्या टायरमध्ये साधारण एक पौंड हवा वाढते. पण चांगला टायर एवढी वाढ सहज पेलतो, ती धरूनच तो बनवलेला असतो. घात होतो तो उलट बाजूने. हवा कमी असली की टायरची बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकते आणि पुन्हा सरळ होते. ताशी ऐंशीच्या वेगात हे मिनिटाला कित्येकशे वेळा घडतं. या वाकण्यातून उष्णता निर्माण होते आणि रबर उष्णता सहजासहजी सोडत नाही. आतलं तापमान शंभर अंशांच्या पुढे गेलं, की रबर आणि आतल्या पोलादी तारा यांची पकड सैल व्हायला लागते. वरचा थर खालच्या थरापासून सुटतो. बाहेरून काहीही दिसत नाही. शेवटी एखादा खड्डा, पुलाचा सांधा किंवा नुसतं वळण निमित्त होतं.

यातूनच एक नियम निघतो आणि तो अनेकजण मोडतात. लांबच्या प्रवासात मध्येच थांबून हवा तपासली, ती जास्त दिसली, म्हणून थोडी सोडून दिली. हे करू नये. हवा मोजायची ती सकाळी, गाडी निघण्याआधी, टायर थंड असताना. गरम टायरमधली वाढलेली हवा सोडली तर थंड झाल्यावर तो कमी हवेचाच ठरतो.

आता ट्रेलरचं गणित. 2018 साली केंद्र सरकारने मालवाहू वाहनांची आसभार मर्यादा वाढवली. आठ टायरांच्या जोडआसावर 19 टनांऐवजी 21 टन चालतील असं ठरलं. 21 टनांना आठाने भागा, प्रत्येक टायरवर 2625 किलो येतात. ट्रक-ट्रेलरला लागणाऱ्या 10.00 आर 20 मापाच्या बऱ्याच टायरांच्या भिंतीवर 146/143 असे आकडे असतात. टायर एकटा असेल तर तो 3000 किलो पेलेल आणि जोडीत असेल तर 2725, असा त्यांचा अर्थ. म्हणजे कायद्याच्या चौकटीत राहून, भार अगदी समान वाटला गेला तरी, जोडीतल्या प्रत्येक टायरकडे शिल्लक उरते ती जेमतेम शंभर किलोंची. आणि ही क्षमतासुद्धा हवा पूर्ण असेल तरच. जोडीतला आतला टायर बसला तर बाहेरच्यावर सव्वापाच टन येतात, त्याची एकट्याची मर्यादा तीन टनांची असताना. ज्याची हवा कमी असते तो नेहमीच आधी फुटतो असं नाही. पुष्कळदा त्याचा भार उचलणारा, धडधाकट शेजारी आधी जातो.

याचं सर्वांत भयंकर उदाहरण रस्त्यावरचं नाही, धावपट्टीवरचं आहे. 11 जुलै 1991 रोजी सौदी अरेबियातल्या जेद्दाहून हज करून परतणाऱ्या नायजेरियन यात्रेकरूंना घेऊन नेशनएअर कंपनीचं डीसी-8 विमान निघालं. एका टायरमध्ये हवा कमी होती आणि जमिनीवरच्या तंत्रज्ञांना ते माहीत होतं. शेजारच्या टायरवर जास्तीचा भार आला, तो तापला आणि धावतानाच फुटला. घर्षणातून लागलेली आग चाकांबरोबर विमानाच्या पोटात गेली. 261 माणसं मेली. त्या दिवशी हवा भरून घेतली असती तर थोडा उशीर झाला असता, इतकंच.

म्हणून आतला टायर तपासणं हे ट्रेलरच्या देखभालीतलं सर्वांत महत्त्वाचं काम आहे, आणि सर्वांत जास्त टाळलं जाणारंही. तिथे हात जात नाही, वाल्व चिखलाने भरलेला असतो. मग लोखंडी पान्याने टायर ठोकून आवाजावर अंदाज बांधला जातो. पूर्ण बसलेला टायर ठोकल्यावर ओळखू येतो यात शंका नाही. पण 110 पौंडांच्या जागी 85 पौंड असतील तर जाणत्या कानालाही फरक कळत नाही, आणि घात करतो तो नेमका हाच टायर. वाल्वला लांब नळी जोडून घेता येते, तिने आतल्या टायरची हवा बाहेरून मोजता येते. वस्तू फुटकळ आहे, पण मला ती फार मोलाची वाटते.

मुंबईच्या उपनगरांत कंटेनरखेरीज आणखीही बरंच काही ओढलं जातं. रस्त्याच्या कामाचे कॉम्प्रेसर, डांबराचे बॉयलर, चित्रीकरणाचे आणि लग्नाचे जनरेटर, आणि भाद्रपद जवळ आला की मूर्तींच्या ट्रॉल्या. परळ-लालबागच्या कार्यशाळांतून मोठी मूर्ती उपनगरात आणायची, मग विसर्जनाला न्यायची, की ट्रॉली पुन्हा वर्षभर कुठल्यातरी मोकळ्या जागेत उभी. तिच्या टायरांची नक्षी शाबूत असते, त्यामुळे ते नव्यासारखे दिसतात. पण टायर झिजून जसा मरतो तसा नुसता उभा राहूनही मरतो. ऊन, हवेतला ओझोन आणि एकाच जागी पडलेला भार यांनी रबर कडक होतं, भिंतीवर बारीक भेगा पडतात. या वाहनांसाठी नक्षीपेक्षा जन्मतारीख महत्त्वाची. ती भिंतीवरच असते, चार आकडी. 2319 असेल तर 2019 सालातला तेविसावा आठवडा. सहा-सात वर्षांपुढचा टायर जाणकाराला दाखवल्याशिवाय भाराखाली घालू नये, आणि दहा वर्षांनंतर तर मुळीच नाही. भेगा दिसल्या तर वय विचारायचीही गरज नाही. मंडळांच्या कार्यकर्त्यांना मी हे आग्रहाने सांगतो, कारण मूर्तीभोवती चालणारी मुलं त्या चाकांपासून हातभर अंतरावर असतात.

रबर चढवलेल्या टायरांबद्दलही एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. रस्त्यावर पट्टी दिसली की ‘रिमोल्ड असणार’ असं सरसकट बोललं जातं. अमेरिकेत महामार्गांवरचे असे तुकडे गोळा करून तपासले गेले, तेव्हा दोष मुख्यतः कमी हवा, अतिभार आणि रस्त्यावरच्या इजा यांच्याकडे गेला. नवे टायरही त्यांत होते. सांगाडा चांगला असेल आणि काम नीट झालेलं असेल तर रिमोल्ड टायर मागच्या आसावर व्यवस्थित चालतो. घोड्याच्या पुढच्या, वळणाऱ्या चाकांना मात्र तो लावू नये.

आता प्रत्यक्ष फुटतो तेव्हा काय करायचं. मोठा आवाज झाला की पाय आपोआप ब्रेकवर जातो. तोच रोखायचा आहे. मागे ट्रेलर असताना पुढच्या वाहनाने जोरात ब्रेक मारला, तर मागचं वजन पुढे ढकलत राहतं आणि घोडा व ट्रेलर कात्रीच्या पात्यांसारखे एकमेकांवर मिटतात. त्याऐवजी दोन्ही हातांनी स्टिअरिंग सरळ धरा. ॲक्सिलरेटर झटक्यात सोडू नका, क्षणभर तसाच ठेवा, लागलं तर किंचित दाबा. ओढ पुढच्या दिशेने राहिली की ट्रेलर पुन्हा रांगेत येतो. मग पाय हळूहळू उचला, वेग आपसूक उतरू द्या आणि ताशी तीस-चाळीसवर आल्यावर हलका ब्रेक. ट्रेलरला वेगळा ब्रेक असेल तर डोलणारी शेपटी सावरायला तो आधी, हलक्या हाताने वापरावा. स्टिअरिंग झटक्याने उलट फिरवणं ही ब्रेकइतकीच घातक प्रतिक्रिया आहे.

ट्रेलर मुळातच डोलत असेल तर भार कुठे ठेवलाय ते पाहा. ट्रेलरच्या एकूण वजनाचा दहावा भाग तरी पुढे, जोडणीवर यायला हवा. जड वस्तू आसाच्या मागे गेली की शेपूट हलायला लागते, आणि अशा वेळी टायर फुटला तर सावरणं जवळजवळ अशक्य होतं.

कुठे थांबायचं हेही ठरवून ठेवायला हवं. बोरीवलीत नॅशनल पार्कसमोरच्या उड्डाणपुलावर किंवा वर्सोवा पुलावर थांबायला कडच नाही. रिम खराब होईल म्हणून तिथेच गाडी उभी करणं ही रिम वाचवण्यासाठी माणूस पणाला लावण्याची गोष्ट आहे. धोक्याचे दिवे लावून, पायी चालल्याच्या वेगाने, सेवा रस्त्याच्या पहिल्या फाट्यापर्यंत गाडी न्यावी. धूर दिसला तर मात्र लगेच थांबा, रिमला घासणारा टायर पेटतो. थांबल्यावर परावर्तक त्रिकोण निदान पन्नास मीटर मागे, वेगवान रस्त्यावर त्याहून दूर. आणि माणसं गाडीच्या मागे नकोत, कठड्यापलीकडे.

एवढं सगळं करूनही टायर फुटला तर तो दैवाचा भाग, असं कुणी म्हणेल. हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे आलेला आहे. 2010 साली पुण्याहून मुंबईकडे येणाऱ्या मोटारीचा मागचा टायर फुटला, गाडी खोल दरीत गेली आणि 38 वर्षांचा प्रवासी मरण पावला. न्यायाधिकरणाने कुटुंबाला सव्वा कोटीची भरपाई दिली. विमा कंपनीने अपील केलं, टायर फुटणं ही दैवी आपत्ती आहे असं म्हणत. 2023 साली न्यायालयाने ते फेटाळलं. जास्त वेग, कमी किंवा जास्त हवा, जुने टायर, तापमान अशी अनेक कारणं त्यामागे असू शकतात, वाहनाच्या मालकाने आणि चालकाने प्रवासाआधी टायर तपासायचे असतात, असा त्या निकालाचा रोख होता. मला हा निकाल रस्ते-सुरक्षेच्या बाबतीत फार महत्त्वाचा वाटतो. त्याच वर्षी 1 जुलैला समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटून 25 प्रवासी गेले, तेव्हाही चालकाने पहिल्यांदा टायर फुटल्याचंच सांगितलं. परिवहन विभागाच्या पाहणीत घटनास्थळी टायर फुटल्याच्या खुणा सापडल्या नाहीत.

शेवटी पंक्चरच्या दुकानातल्या माणसाबद्दल. ट्यूब असलेल्या जुन्या पद्धतीच्या ट्रक-चाकांना पोलादी रिंग असते. ती नीट बसली नसताना शंभरावर पौंड हवा भरली तर रिंग उडते आणि समोर वाकलेल्या माणसाचा जीव घेऊ शकते. कमी हवेवर बराच वेळ पळालेल्या टायरचंही तसंच, आतल्या तारा तुटलेल्या असतात आणि हवा भरताना त्याची भिंत एकदम उसवते. अशा टायरमध्ये रस्त्याच्या कडेला हवा भरूच नये. तो आधी उतरवून आतून तपासावा, आणि भरायचाच तर पिंजऱ्यात ठेवून, लांब नळीने, बाजूला उभं राहून. ‘लवकर कर’ म्हणून घाई करणारे आपण तिथे असतो तेव्हा हे आपण सांगायला हवं, कारण नाही म्हणायची मोकळीक त्या पोराला बहुधा नसते.

पुढच्या आठवड्यात : घोडा आणि ट्रेलर यांची जोडणी. किंग पिन, साखळ्या, आणि सुटलेला ट्रेलर.