जाताना सैल, येताना घट्ट

पुण्याकडून कोल्हापुरास येताना पंचगंगेच्या अलीकडे, पुलाची शिरोली या गावाच्या शिवारात जी औद्योगिक वसाहत लागते, तिच्यातील मशीनशॉपांतून दिवसरात्र एकाच प्रश्नाचा निवाडा चाललेला असतो : या भोकात तो दांडा कितपत घट्ट बसावा? ओतीव लोखंडाच्या भागाला बोअर मारून झाला की कारागीर दोन तोंडांचा प्लग गेज उचलतो. त्याचे एक टोक अलगद आत उतरले पाहिजे आणि दुसरे तोंडाशीच अडले पाहिजे. दोन्ही अडली तर आणखी थोडे कापता येते. दोन्ही उतरली तर जॉब भंगारात.

ठासणीच्या रायफलीला गोळी जुळविण्याचा प्रश्न याच जातीचा, पण अधिक वाकडा आहे. कारण येथे एकाच गोळीने दोन परस्परविरुद्ध धर्म पाळावयाचे असतात. नळीच्या तोंडातून गजाने ठासताना ती सैल असावी, आणि दारू पेटल्यावर त्याच वाटेने बाहेर पडताना मात्र इतकी घट्ट असावी की नळीतील पिळदार आटे तिला पकडून फिरवतील आणि धूर तिच्या कडेने निसटणार नाही. साध्या, बिनआट्यांच्या बंदुकीत ही अडचण सैलपणाच्या बाजूने सोडविलेली होती : इंग्रजांच्या ‘ब्राऊन बेस’ची नळी सुमारे 19 मिलिमीटरची आणि गोळी साडेसतरा मिलिमीटरची, दारूच्या काजळीने नळी माखली तरी गोळी उतरे, मात्र नेम बहुतांशी दैवाधीन. 1800 च्या सुमारास आलेल्या ‘बेकर’ रायफलीत गोळी तेलकट चिंधीत गुंडाळून ठासीत; ती इतकी आवळून बसे की प्रारंभी शिपायांना लाकडी हातोड्याही देण्यात आल्या होत्या. शत्रू समोर असताना हातोडी शोधणाऱ्या शिपायाची अवस्था काय होत असेल, याचा विचार ती तजवीज मंजूर करणाऱ्या अंमलदाराने केला असेल असे वाटत नाही.

यातून खरा मार्ग 1849 मध्ये फ्रेंच अधिकारी मिनिए याने काढला. त्याची गोळी लांबट, मागून पोकळ आणि नळीहून किंचित बारीक होती. दारूच्या दाबाने तिचा मागचा भाग फुगे आणि आट्यांत रुतून बसे. शिसे मात्र शुद्ध आणि मऊ हवे. छापखान्यातील टाइपाचा धातू वितळवून गोळ्या पाडल्या, तर त्यातील अँटिमनीमुळे त्या कठीण होऊन फुगावयासच नाकारतील. धातूत कशाची भेसळ आहे, याची दखल ओतकामवाल्याइतकी तोफखान्यालाही घ्यावी लागते, ती यामुळे.

हिंदुस्थानच्या इतिहासात या सैलपणाला विलक्षण महत्त्व आले. 1853 च्या ‘एनफील्ड’ रायफलीची नळी 14.66 मिलिमीटरची, गोळी 14.43 ची; मधले पाव मिलिमीटरही न भरणारे अंतर काडतुसाच्या वंगण लावलेल्या कागदाने भरून काढावयाचे होते. ते काडतूस दातांनी फाडावे लागे, आणि वंगणात गाईची व डुकराची चरबी असल्याची वार्ता छावण्याछावण्यांतून पसरली. 1857 च्या उठावाची कारणे राजकीय, आर्थिक आणि अनेक होती. त्या वर्षी 31 जुलैला कोल्हापुरात 27 व्या मुंबई नेटिव्ह इन्फंट्रीने बंड केले, त्याचे खापर केवळ काडतुसावर फोडणे इतिहासाला धरून होणार नाही. तथापि ती बहुचर्चित चरबी मुळात नळी आणि गोळी यांमधील पोकळीसाठी योजिलेली होती, ही गोष्ट आपल्या शालेय पुस्तकांतून क्वचितच सांगितली जाते.

उन्हाच्या मुलखात वंगण वितळून कागद कोरडा पडे आणि गोळी अडकून बसे. तेव्हा पुढे चरबीऐवजी मेण आले आणि गोळीचा व्यास 13.97 मिलिमीटरपर्यंत उतरविण्यात आला, म्हणजे सैलपणा तिप्पट झाला. ती फुगण्यासाठी तिच्या पोकळीत लाकडाची, नंतर भाजक्या मातीची, गुडदी बसवीत. पण हा सारा खटाटोप फार वर्षे टिकला नाही. 1866 पासून याच एनफील्डांच्या नळ्या मागच्या बाजूने कापून त्यांना ‘स्नायडर’ पद्धतीची झडप बसविण्यास आरंभ झाला, आणि गोळी मागून भरावयाची ठरल्यावर तिने आधी बारीक असण्याचे कारणच उरले नाही.