मुलाला आज शाळेंत पाठवावें काय?

(नभोवाणीवरील भाषण)



जून महिना उजाडला कीं प्राथमिक शाळांच्या इमारती पुनः गजबजूं लागतात. नवीं पुस्तकें येतात, नवे गणवेष शिवले जातात, आणि पहिल्या पावसाबरोबर सर्दी, ताप, खोकला, जुलाब, डोळे येणें हीं दुखणींही वर्गावर्गांतून हिंडूं लागतात. अशा दिवसांत सकाळीं शाळेची तयारी चालली असतां मूल कुरकुरतें, आई त्याच्या कपाळाला हात लावते, आणि घरांत एक प्रश्न उभा राहतो: याला आज शाळेंत पाठवावें, कीं घरीं ठेवावें? बहुतेक घरांत हा प्रश्न पांच मिनिटांत, घाईघाईनें सोडविला जातो. कचेरीची वेळ, चाचणी परीक्षा, उपस्थितीचें बक्षीस यांचा त्या वेळीं विचार होतो. ज्या मुलांच्या शेजारीं हें मूल जाऊन बसणार आहे, त्यांचा विचार क्वचितच होतो. या प्रश्नाचें उत्तर वैद्यकशास्त्राच्या आधारें कसें द्यावें, हें आज पाहावयाचें आहे.

प्रथम त्या वर्गाकडे नीट पाहूं. तेथें बसलेल्या तीस-चाळीस मुलांपैकीं कोणाच्या घरीं पाळण्यांत दोन महिन्यांचें तान्हें बाळ असतें; कोणाची आजी दम्यानें जर्जर झालेली असते; एखादें मूल रक्ताच्या कर्करोगावर औषधें घेत घेत शाळेंत येत असतें आणि त्या औषधांमुळें त्याची प्रतिकारशक्ति क्षीण झालेली असते. धडधाकट मुलाला ज्या कांजिण्या आठ-दहा दिवसांत सोडून जातात, त्याच अशा मुलाच्या जिवावर बेतूं शकतात. म्हणून आजारी मुलाला घरीं ठेवणें ही केवळ त्याच्यावरील माया नव्हे. दुसऱ्याच्या मुलाविषयींचें तें आपलें कर्तव्य आहे.

हें कर्तव्य आपल्याकडे अगदींच अपरिचित होतें असें नाहीं. आपल्या आजी-पणजींच्या काळीं घरांत गोवर किंवा कांजिण्या आल्या म्हणजे मुलाला वेगळ्या खोलींत निजवीत, दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधीत आणि बाहेरच्या माणसाला आंत येऊं देत नसत. त्यामागील देवीच्या कोपाची समजूत खरी नव्हती, आणि लिंबाच्या पाल्यानें रोग हटत नाहीं. परंतु रोगी मूल इतरांपासून दूर ठेवण्याची ती रीत योग्यच होती. देवीचा रोग १९७५ सालीं भारतांतून हटला आणि १९८० सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें तो जगांतून नाहींसा झाल्याचें जाहीर केलें, तें लसीच्या बळावर आणि प्रत्येक रोगी हुडकून त्याला अलग ठेवण्याच्या दक्षतेमुळें. आपण डहाळा बांधणें सोडून दिलें हें ठीक झालें. पण दार मिटण्याची रीतही त्याबरोबर सोडली, हें ठीक झालें नाहीं.

आतां सकाळच्या त्या पांच मिनिटांकडे वळूं. त्या वेळीं तीन गोष्टी पाहाव्या: मुलाला ताप आहे काय, त्याच्या अंगीं वर्गांत बसण्याइतकी उभारी आहे काय, आणि त्याचें दुखणें दुसऱ्याला लागण्यासारखें आहे काय.

तापाच्या बाबतींत हाताच्या स्पर्शावर विसंबूं नये. प्रत्येक घरांत तापमापक असावा. पारा १००.४ अंश फॅरनहाइट, म्हणजे ३८ अंश सेल्सिअस, किंवा त्याच्याही वर गेला असेल तर मुलाला घरीं ठेवावें. येथें एक फसवी सोय पुष्कळ घरांत केली जाते. सकाळीं पॅरासिटॅमॉलची मात्रा द्यावयाची, अंग निवलें कीं दप्तर पाठीवर चढवावयाचें! या औषधाचा अंमल चार ते सहा तास टिकतो. सात वाजतां दिलेलें औषध अकरा-बाराच्या सुमारास उतरतें, आणि तितका वेळ वर्गांत काढल्यावर तें मूल पुनः तापानें फणफणतें. औषधानें ताप दबला, रोग गेला नाहीं. म्हणून कोणतेंही तापाचें औषध न देतां पुरे चोवीस तास ताप आला नाहीं, म्हणजेच मूल शाळेंत जाण्यास योग्य झालें, असें समजावें.

संसर्गाच्या रोगांत प्रत्येकाची मुदत निराळी असते. त्यांत सर्वांत कडक मुदत पाळावयाची ती गोवराची. माणसाला ज्ञात असलेल्या अत्यंत संसर्गजन्य रोगांपैकीं हा एक आहे. रोगी खोकला किंवा शिंकला कीं त्याचे विषाणु खोलीच्या हवेंत दोन तासांपर्यंत टिकून राहूं शकतात, आणि ज्यांच्या अंगीं प्रतिकारशक्ति नाहीं अशा निकट सहवासांतील दहांपैकीं सुमारें नऊ जणांना तो गांठतो. पुरळ उठण्यापूर्वीं चार दिवस आणि उठल्यानंतर चार दिवस रोगी इतरांना रोग देऊं शकतो. पहिले चार दिवस आपल्या हातीं नसतात, कारण तेव्हां तो साधा सर्दी-खोकला वाटतो. पुढचे चार दिवस मात्र सर्वस्वी आपल्या हातीं असतात. २०२२ सालच्या उत्तरार्धांत मुंबईंत, विशेषतः गोवंडीच्या भागांत, गोवराची साथ उसळली आणि त्यांत कित्येक बालकें दगावलीं. करोनाच्या काळांत अनेक बालकांच्या लसी राहून गेल्या होत्या. त्याची किंमत अशी द्यावी लागली. शिवाय २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत असें आढळलें कीं, गोवर होऊन गेल्यावर मुलांच्या रक्तांतील इतर रोगांविरुद्धचीं प्रतिद्रव्यें ११ ते ७३ टक्क्यांपर्यंत नष्ट झालेलीं होतीं. म्हणजे गोवर ओसरल्यावरही मूल पुढें दीर्घकाळ इतर रोगांना सहज बळी पडतें. ‘गोवर काय, सगळ्यांनाच येतो’ हें वाक्य घरांतून हद्दपार करण्याजोगें आहे.

कांजिण्यांत सर्व फोड सुकून त्यांवर खपल्या धरेपर्यंत मुलाला घरीं ठेवावें. यास फोड उठल्यापासून साधारणतः पांच-सहा दिवस लागतात. खपल्या पडून डाग जाईपर्यंत थांबण्याचें कारण नाहीं. या रोगांत आणि फ्ल्यूसारख्या तापांत मुलाला ॲस्पिरीन कधींही देऊं नये. त्यामुळें क्वचित् यकृत आणि मेंदू यांना भयंकर इजा होते. गालफुगी झाली असतां सूज आल्यापासून पांच दिवस घरीं राहावें. डांग्या खोकल्यांत डॉक्टरांनीं दिलेलें प्रतिजैविक औषध सुरू होऊन पांच दिवस लोटावे. औषधच घेतलें नाहीं तर हा रोग तीन आठवडे इतरांना लागूं शकतो. तळहात, तळपाय आणि तोंड यांवर बारीक फोड आणणारा एक ताप पावसाळ्यांत लहान मुलांना येतो. तो बहुधा सौम्य असतो. ताप उतरून फोड सुकले म्हणजे मूल शाळेंत जाऊं शकतें. मात्र त्याचे विषाणु शौचावाटे पुढें कित्येक आठवडे बाहेर पडत राहतात, म्हणून हात धुण्याची संवय त्यानंतरही सैल होऊं देऊं नये.

डोळे येण्याची साथ किती झपाट्यानें पसरते, हें पुणें आणि आळंदी येथील रहिवाशांनीं २०२३ च्या जुलैंत अनुभवलें आहे. डोळ्यांतून पाणी किंवा चिकट स्राव वाहणें थांबेपर्यंत मुलाला घरीं ठेवावें, त्याचा टॉवेल व उशी वेगळी करावी, आणि एकाचें डोळ्यांचें औषध दुसऱ्याच्या डोळ्यांत घालूं नये.

जुलाब-उलट्या थांबल्यावरही अठ्ठेचाळीस तास जाऊं द्यावे. या दुखण्यांत मुलाला मारक ठरतो तो शरीरांतील पाण्याचा आणि क्षारांचा नाश. त्यावर जलसंजीवनीसारखा दुसरा उपाय नाहीं. १९७१ सालीं बांगलादेशांतून आलेल्या निर्वासितांच्या बनगांव येथील छावणींत पटकीचा कहर झाला असतां डॉ. दिलीप महालनबीस यांनीं मीठ, साखर व सोडा यांचें मिश्रण पाण्यांतून पाजून असंख्य जीव वाचविले. त्याच तत्त्वावर बनलेली पुडी आज खेड्यांतील आरोग्य केंद्रांतही मिळते. तिच्यावर लिहिलें असेल तितक्याच, साधारणतः एक लिटर, उकळून थंड केलेल्या पाण्यांत सबंध पुडी विरघळवावी. अर्ध्या पुडीचा अंदाज करूं नये. तें पाणी चोवीस तासांत संपवावें. उरलें तर फेकून द्यावें. घोट घोट पाजीत राहावें आणि मुलाचें नेहमींचें साधें अन्नही चालू ठेवावें.

इतकें सांगितल्यावर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. प्रत्येक शिंकेला मुलाला घरीं बसविणें हेंही योग्य नव्हे. ताप नसलेली साधी सर्दी असेल आणि मूल हसत-खेळत असेल तर त्याला रुमाल देऊन खुशाल पाठवावें. डोक्यांत उवा झाल्या म्हणून शाळा बुडविण्याचें कारण नाहीं. घरीं उपाय करावा आणि त्या मुलीला कोणी चिडवूं नये, हें शिक्षकांनीं पाहावें. आणि एखाद्या मुलाचें पोट फक्त शाळेच्या दिवशींच दुखत असेल, रविवारीं दुखत नसेल, तर त्याला खोटें ठरवूं नये. भीतीनेंही पोट खरोखर दुखतें. शाळेंत त्याला कशाची धास्ती वाटते, हें शांतपणें विचारून घ्यावें.

कांहीं लक्षणें मात्र अशीं आहेत कीं तीं दिसतांच शाळेचा प्रश्न बाजूला ठेवून तडक डॉक्टरांकडे जावें. श्वास घेतांना बरगड्यांखालची जागा आंत ओढली जाणें, मान ताठणें, झटके येणें, हांक मारूनही नीट जागें न होणें, पाणीही पोटांत न ठरणें, सहा-आठ तास लघवी न होणें, बोटानें दाबूनही फिकें न पडणारे लालसर-जांभळे ठिपके अंगावर दिसणें, हीं तीं लक्षणें होत. पावसाळ्यांत डेंग्यूचें एक विशेष ध्यानांत ठेवावें. त्यांत धोक्याची वेळ बहुधा ताप चढलेला असतां येत नाहीं. ताप उतरतो त्या सुमारास येते. ताप गेला म्हणून घरचे निश्चिंत होतात, आणि त्याच वेळीं पोटांत जोरानें दुखूं लागतें, उलट्या थांबत नाहींत, हातपाय गार पडतात किंवा हिरड्यांतून रक्त येतें. अशा वेळीं तासाचाही विलंब करूं नये.

घरीं ठेवणें हा मागचा बंदोबस्त झाला. पुढचा बंदोबस्त लसीचा. सरकारी कार्यक्रमांत गोवर-रुबेलाची पहिली मात्रा ९ ते १२ महिन्यांच्या दरम्यान आणि दुसरी १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान विनामूल्य दिली जाते. गोवराला गांवांत थारा मिळूं नये यासाठीं शंभरांतील किमान पंच्याण्णव मुलांना या दोन्ही मात्रा मिळालेल्या असाव्या लागतात. घटसर्प, डांग्या खोकला व धनुर्वात यांवरील त्रिगुणी लसीची बळकटी देणारी मात्रा पांच ते सहा वर्षांच्या वयांत, म्हणजे नेमकी पहिलीच्या उंबरठ्यावर द्यावयाची असते. आणि नेमकी हीच मात्रा पुष्कळ घरांत विसरली जाते. डांग्या खोकला सहा वर्षांच्या मुलाला बेजार करतो. पण घरांतील तान्ह्या बाळाचा तो श्वासच अडवितो. शाळेच्या प्रवेशाचे कागद काढाल तेव्हां लसीकरणाचें कार्डही काढून पाहा. एखादी मात्रा राहिली असेल तर उशीर झाला म्हणून ती सोडूं नका. आरोग्य केंद्रांत विचारून ती पुरी करून घ्या.

येथें पुष्कळ मातापिता मनांत म्हणत असतील: हें सगळें खरें, पण आम्ही दोघेंही नोकरीला जातों, मूल घरीं ठेवावयाचें तें कोणाजवळ? ही अडचण लटकी नाहीं, आणि उपदेशानें ती सुटणारीही नाहीं. म्हणून तिची तजवीज आजाराच्या सकाळीं न करतां शाळा सुरू होतांनाच करावी. आईनें कोणत्या दिवशीं रजा घ्यावी, वडिलांनीं कोणत्या, आजी किंवा शेजारच्या काकू केव्हां येऊं शकतील, हें आधींच ठरलेलें असावें. रजेचा भार दरवेळीं आईवरच पडावा, हा कोणत्याही शास्त्राचा नियम नव्हे.

शाळांनींही आपला वांटा उचलला पाहिजे. शंभर टक्के उपस्थितीचें बक्षीस देतांना आपण नकळत तापांत आलेल्या मुलाचा गौरव आणि समंजसपणें घरीं राहिलेल्या मुलाची उपेक्षा करीत नाहीं ना, याचा चालकांनीं विचार करावा. बुडालेला अभ्यास भरून काढण्यास मुलाला आठवड्याची सवलत मिळाली तर पालकांवरील निम्मा ताण हलका होईल. पालकांनीं आजाराचें नांव शाळेस त्याच दिवशीं कळवावें, आणि शाळेनें मुलाचें नांव न सांगतां त्या वर्गाच्या सर्व पालकांना मोबाइलवरील निरोपानें सावध करावें. कर्करोगावर औषधें घेणाऱ्या मुलाच्या आईला ‘वर्गांत कांजिण्या आहेत’ एवढें एक वाक्य वेळेवर समजलें, तर ती लगेच डॉक्टरांचा सल्ला घेऊं शकेल. दोन दिवसांनीं समजलें, तर कदाचित् उशीर झालेला असेल.

एक धडा बुडाला तर तो पुढच्या आठवड्यांत भरून काढतां येतो. चार दिवसांच्या गैरहजेरीनें कोणाचें आयुष्य मागें पडल्याचें ऐकिवांत नाहीं. तापमापक, जलसंजीवनीची पुडी, लसीकरणाचें कार्ड आणि डॉक्टरांचा दूरध्वनि क्रमांक, एवढ्या चार वस्तु आजच एका जागीं ठेवा. म्हणजे पुढच्या वेळीं सकाळीं मूल कुरकुरूं लागेल तेव्हां निर्णय घेण्यास पांच मिनिटें पुरेशीं होतील.