शीळ कोण घालतंय?

पावसाळ्यात भल्या पहाटे पनवेलजवळच्या कर्नाळ्याच्या जंगलात गेलात, तर ओढ्याच्या बाजूने शीळ ऐकू येण्याची बरीच शक्यता आहे. वाटेल, कुणीतरी मुलगा दप्तर टाकून खडकावर बसलाय आणि मनाला येईल ते शिळेवर वाजवतोय. सूर वर चढतो, मध्येच घसरतो, गाणं ओळखीचं वाटेपर्यंत भलतीकडेच निघून जातं. मुलगा मात्र कुठेच दिसत नाही.

दिसणार कसा? तो मुलगा नाहीच, तो आहे शीळकरी कस्तूर! साळुंकीपेक्षा जरासा मोठा, काळपट निळा पक्षी. कपाळावर आणि खांद्यांवर चकचकीत निळा रंग. इंग्रजांनी त्याला ‘शीळ घालणारा शाळकरी पोरगा’ असंच नाव देऊन टाकलं होतं. (त्यांची पोरंही अभ्यास सोडून हेच करत असणार.) हा बेडूक, खेकडे, किडे खातो आणि ओढ्याकाठच्या कपारीत, कधी तर धबधब्याच्या अगदी आडोशाला घरटं बांधतो.

आता बघा, धबधब्यापाशी उभं राहून मित्राला हाक मारली, तर चार पावलांवरच्या त्याला ती धड ऐकू जात नाही. मग या एवढ्याशा पक्ष्याची शीळ कशी ऐकू येते? पाण्याच्या धबधब आवाजात खालचे-वरचे सगळे सूर एकदम मिसळलेले असतात, खालचे जरा जास्तच. आपल्या हाकेतही पुष्कळ सूर असतात, ते त्या गोंगाटात बुडून जातात. शीळ म्हणजे मात्र जवळजवळ एकच सूर. सगळा जोर त्या एकाच सुरावर, आणि तोही उंच. म्हणून ती गोंगाटातून आरपार निघून जाते.

हीच युक्ती माणसांनीही वापरली आहे. स्पेनच्या ताब्यातल्या ला गोमेरा या डोंगराळ बेटावर लोक दरीच्या एका काठावरून पलीकडच्या काठावर चक्क शिळेने बोलतात. ‘बकऱ्या इकडे आल्यात का?’ असं विचारायला दरी उतरायची गरज नाही. १९९९ पासून तिथल्या शाळेत ही शीळभाषा शिकवतात. म्हणजे वर्गात शीळ घातली नाही, तर बाई रागावणार! आपल्याकडे मेघालयातल्या काँगथाँग गावात बाळ जन्मलं की आई त्याच्यासाठी खास धून रचते. रानात लांबवर गेलेल्या मुलाला नावाने नाही, त्या धुनेने बोलावतात.

आता जरा गळ्यावर दोन बोटं ठेवा आणि ‘आऽ’ म्हणा. गळा थरथरतोय ना? आता बोटं तशीच ठेवून शीळ घाला. काही नाही! शिळेत गळ्याचं काम फक्त हवा पुढे जाऊ देण्याचं. कस्तूराचं तसं नसतं. त्याची श्वासनळी छातीत जिथे दोन फुप्फुसांकडे फुटते, तिथे आवाजाचं यंत्र असतं आणि त्यातले नाजूक पडदे थरथरतात. आपली शीळ मात्र तोंडातच तयार होते.

ती कशी, ते समजून घ्यायला शिट्टी वाजवणारी किटली बघा. तिच्या तोंडाशी एकामागे एक दोन चकत्या असतात, दोन्हींना मधोमध भोक. वाफ पहिल्या भोकातून निघून दुसऱ्यावर आदळते, बाहेर पडताना तिचे भोवरे होतात आणि सूर निघतो. गंमत म्हणजे शास्त्रज्ञांना हे कोडं सव्वाशे वर्षांहून जास्त छळत होतं. केंब्रिज विद्यापीठातल्या रॉस हेन्रीवुड आणि अनुराग अगरवाल यांनी २०१३ मध्ये त्याचा नीट उलगडा केला. आपल्या तोंडातही दोन अरुंद जागा असतात: एक जीभ आणि टाळूच्या मधली, दुसरी ओठांची. दोन्हींच्या मधल्या पोकळीत हवा घुमते.

ही पोकळी जितकी लहान, तितका सूर उंच. ओठ ‘ऊ’ म्हणताना असतात तसे ठेवा, जराशी ओली जीभ ओठांवरून फिरवा आणि हळूच फुंका. जोरात फुंकलंत तर नुसतं ‘फूऽ’ होईल, सगळे तिथेच फसतात. शीळ निघाली, की ओठ तसेच ठेवून आत जीभ ‘ई’ म्हणायला निघाल्यासारखी पुढे न्या. सूर वर चढेल. जीभ सरकत जाते म्हणून सूरही सरकत जातो. पेटीला हे जमत नाही, तिच्या दोन पट्ट्यांच्या मधे काहीच नसतं. शिळेवर मींड (म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सरकत जाणं) मात्र झकास निघते! आंध्रचे के. शिवप्रसाद तर शिळेवर कर्नाटक संगीताच्या मैफली करत. श्वास संपला तर? सराईत शीळवाले हवा आत ओढतानाही शीळ घालतात.

शीळवाल्यांच्या नशिबी कष्टही कमी नव्हते. अमेरिकेतले जॉर्ज जॉन्सन गुलामीत जन्मले. पुढे ते न्यूयॉर्कच्या बोटींच्या धक्क्यावर गाऊन, शीळ घालून पैसे मिळवत. १८९० च्या सुमारास त्यांचं गाणं आणि शीळ मेणाच्या नळकांड्यांवर मुद्रित झाली. पण तेव्हा एका मुद्रणाच्या भराभर नकला काढता येत नसत. म्हणून नवी नळकांडी भरायला तेच गाणं पुन्हा पुन्हा, दिवसभर! इटलीच्या अलेस्सांद्रो अलेस्सांद्रोनींची शीळ १९६४ च्या ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’ या काउबॉयपटामुळे जगभर गेली. आणि आजीला ‘ये शाम मस्तानी’ची सुरुवात विचारा. ती गाणं म्हणण्याआधी शीळच घालायला बघेल.

मग लगेच म्हणेल, ‘रात्री शीळ घालू नये, साप येतो.’ सापाला बाहेरचे कान नसतात. त्याला जमिनीची थरथर आणि हवेतले खालचे सूर, साधारण काहीशे हर्ट्झपर्यंतचे, कळतात. आपली शीळ बहुतेक वेळा हजारच्या वर असते. तेव्हा साप काही येणार नाही. शेजारचे काका मात्र नक्की येतील.