मिरगातला पिवळा बेडूक

मिरगाचा पहिला मोठा पाऊस झाला की मालवण तालुक्यातल्या भातमळ्यांत हळदीसारखे पिवळे बेडूक दिसतात. ते पावसाबरोबर आभाळातून पडतात, विषारी असतात, कुठल्या तरी परक्या जातीचे असतात, असं लोक सांगतात. यातलं काहीच खरं नाही. हा आपला नेहमीचाच मोठा बेडूक, होप्लोबॅट्रॅकस टायगेरिनस. उन्हाळ्यात तो मातीत स्वतःला गाडून घेतो आणि पाऊस मुरला की वर येतो. पिवळा होतो फक्त नर, तोही विणीपुरता. तेव्हा गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या निळ्या पिशव्या फुगवून तो मादीला हाक घालतो. मादी मात्र मातकट हिरवीच राहते.

पाठीवरच्या लांबट घड्या ही त्याची खूण. तळ्याकाठी चाहूल लागताच पाण्यावरून टप्पे घेत पळणारा लहान बेडूक म्हणजे याचं पिल्लू नव्हे, ती वेगळी जात आहे. अंगणात येणारा खरबरीत कातडीचा, तो भेक. त्याला शिवल्याने चामखीळ येत नाही; चामखीळ विषाणूमुळे येते. पण त्याच्या डोळ्यांमागच्या ग्रंथींतला स्राव झोंबतो, म्हणून हात धुवावेत.

धामापूरसारखा भरलेला तलाव जवळ असूनही मोठा बेडूक अंडी सहसा पावसाने साचलेल्या उथळ डबक्यात घालतो. तिथे अंडी खाणारे मासे नसतात. डबकं आटण्याची भीती मात्र असते, म्हणून पिल्लांना मोठं व्हायची घाई असते. भैरं, म्हणजे बेडकाची ही शेपटीवाली पिल्लं, निव्वळ शेवाळ खातात असं आपण धरून चालतो. या जातीची भैरं शिकारी असतात, दुसऱ्या बेडकांची भैरंही खातात. भैराला आधी मागचे पाय फुटतात, मग पुढचे. शेपटी गळून पडत नाही, ती शरीरातच जिरते.

प्रत्येक बेडूक भैराच्या रूपातून जातो, हेही खरं नाही. मालवणच्याच जिल्ह्यातल्या आंबोलीच्या नावाने 2009 साली नोंदलेल्या झुडपी बेडकाच्या अंड्यातून थेट छोटा बेडूकच बाहेर येतो.

बेडकांच्या तंगड्यांची निर्यात भारताने 1987 साली बंद केली. तरी पहिल्या पावसाच्या रात्री बॅटरी घेऊन बेडकांना पकडणारे आहेत. ती रात्र विणीची असते. तेव्हा मारलेल्या एका मादीबरोबर हजारो अंडी जातात, आणि भातावरचे किडे खाणारा सोबती कमी होतो. निदान त्या रात्री तरी मळ्यात पकडायला जाऊ नका, आणि कोणी निघालं तर त्याला अडवा.